मोजणीदार, मैदान आणि जावई

मोजणीदारांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांना बोलावणं आलं.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी पाय काही मोजायचे थांबले नव्हते. घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत दोनशे अठरा पावलं भरत. एका सकाळी दोनशे एकवीस भरली, तर ते दुधाची पिशवी हातात घेऊन उलट चालत आले. फुटपाथवर पाइपसाठी खड्डा खणला होता आणि त्याला वळसा पडला होता, हे कळल्यावरच ते घरात शिरले. दूध तोवर कोमट झालं होतं.

त्यांचं नाव निघालं की लोक एक गोष्ट हमखास सांगत. नोकरीत असताना त्यांच्यावर सख्ख्या मेव्हण्याच्या कुंपणाची मोजणी आली होती. कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर शिरलं होतं. मोजणीदारांनी जे निघालं ते लिहिलं, सही केली आणि मेव्हण्याला भिंत पाडावी लागली. घरी तीन आठवडे अबोला होता. स्वयंपाकघरातून ताट यायचं, पण त्यासोबत शब्द यायचा नाही.

त्यांची एकुलती एक लेक शाळेत खेळाची बाई होती. संध्याकाळी ती शहराच्या हौशी बेसबॉल संघाला शिकवायची. संघ म्हणजे दिवसभर आपापली कामं करून आलेली माणसं. पोस्टमन होता, वायरमन होता, बेकरीत पहाटेपासून पीठ मळणारा होता. लेकीचा नवरा, म्हणजे आपल्या मोजणीदारांचा जावई, छापखान्यात मशीनवर होता. तोही याच संघातला. आठ संघांच्या स्पर्धेत गेल्या वर्षी त्यांचा नंबर सातवा आला होता, आणि आठव्या संघाने निम्मे सामने खेळलेच नव्हते.

नवा हंगाम सहा आठवड्यांवर आला तेव्हा एका रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. लेकीने पहिला घास घेतला आणि विषय काढला.

"बाबा, एक काम आहे. पण आधी सांगा, बेसबॉल तुम्हाला किती कळतो?"

"तू शाळेत होतीस तेव्हा एकदा आलो होतो. एक जण दांडा घेऊन उभा होता आणि बाकीचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते."

"बास. एवढं पुरे."

प्रकरण असं होतं. गेल्या वर्षी संघाने फलंदाजी बरी केली होती, पण फिल्डिंगने घात केला होता. संघाच्या समितीचं म्हणणं, वायरमनला काढा. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या ठाण्यांच्या, मधे उभा राहायचा आणि त्याच्या नावावर एकोणीस चुका लागल्या होत्या. त्याच्या जागी बेकरीवाल्याला आणा, त्याच्या फक्त चार. लेकीला हे पटत नव्हतं, पण का पटत नव्हतं हे तिला सांगता येत नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले होते की कुणातरी त्रयस्थ माणसाकडून सगळ्या फिल्डिंगची तपासणी करून घेऊ.

"आणि त्रयस्थ म्हणून तुझा बाप?" मोजणीदारांनी विचारलं.

"मी तेच म्हटलं. तर अध्यक्ष म्हणाले, ज्या माणसाने मेव्हण्याचं कुंपण हलवलं, तो माणूस मला चालेल."

मोजणीदारांच्या बायकोने डाव भांड्यात ठेवला. "ते कुंपण काही माझा पिच्छा सोडत नाही," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

जावई हसला. जरा उशिरा हसला, पण हसला. तो मुळातच शांत माणूस होता. "बाबा, या की," तो म्हणाला. "मजा येईल तुम्हाला. मी अगदी मागे असतो, मधल्या मैदानात. माझ्यामुळे तुम्हाला फारसं काम पडणार नाही." हे तो फुशारकीने म्हणत नव्हता. दोन हंगामांत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती, आणि ही गोष्ट संघात सगळ्यांना पाठ होती.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मोजणीदार मैदानावर हजर झाले. सोबत पन्नास मीटरची फीत, बारा खुंट, चौकटीच्या कागदांची वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि जुनी छत्री. आधी त्यांनी सगळं मैदान मोजलं. तिसरा बेस वीतभर चुकीच्या जागी होता, तो हलवून घेतला. मग सामानाच्या खोलीच्या छतावर शिडीने चढून त्यांनी खुर्ची मांडली. वरून मैदान नकाशासारखं दिसत होतं आणि नकाशा म्हटला की त्यांना मासा पाण्यात सोडल्यासारखं व्हायचं.

पहिले तीन दिवस ते नुसते बघत आणि विचारत राहिले. लेक शिडीपाशी आली की वरून एकेक प्रश्न खाली पडायचा.

"चूक म्हणजे नक्की काय?"

"चेंडू हाताशी आला आणि सुटला, किंवा फेकताना वेडावाकडा गेला, की स्कोअर लिहिणारा चूक लिहितो."

"आणि चेंडू हाताशी आलाच नाही तर?"

"तर चूक नाही. तो मारणाऱ्याचा चांगला फटका."

मोजणीदारांनी छत्री जरा मागे केली. "म्हणजे जो धावलाच नाही, त्याची चूकही होत नाही?"

लेकीने शिडीवर एक पाय ठेवला.

"आमच्या कचेरीत एक होता," ते म्हणाले. "बावीस वर्षांत त्याच्या नकाशात एक चूक सापडली नाही. बावीस वर्षांत त्याने नकाशे केले सात."

लेकीला जे सांगता येत नव्हतं ते हेच होतं. पण नुसतं म्हणून समिती ऐकणार नव्हती. मोजणीदारांनी वहीला नवं पान काढलं आणि मोजायला सुरुवात केली. प्रत्येक चेंडू कुठे पडला, त्यावेळी कोण कुठे उभं होतं, कोण किती पावलं धावलं, चेंडू मिळाला की नाही. मिळाला तर निळा ठिपका, नाही मिळाला तर लाल फुली. आठवड्यातून चार संध्याकाळी सराव आणि रविवारी सकाळी आपापसात सामना. लेक वायरमन आणि बेकरीवाला यांना त्याच जागेवर आलटून पालटून उभं करायची, आणि कशासाठी ते दोघांना सांगायची नाही.

वायरमनला मात्र काहीतरी वास लागला होता. एके दिवशी पाणी प्यायला म्हणून तो आला आणि शिडीच्या चार पायऱ्या चढून वर डोकावला.

"काका, माझ्या नावावर किती झाल्या?"

"चुका का?"

"दुसरं काय असतं माझ्या नावावर?"

"सात," मोजणीदार म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

वायरमनचा चेहरा पडला. तो दोन पायऱ्या उतरला, मग पुन्हा वर आला. "कसं होतं माहितीये का काका? चेंडू दिसला की पाय जातातच. हात पोचेल की नाही याचा विचार मागाहून येतो."

"तसंच जाऊ द्या," मोजणीदार म्हणाले. यापेक्षा जास्त बोलणं मोजणी संपण्याआधी त्यांना योग्य वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या जागेची बेरीज झाली. दोघांच्याही वाटेला सत्तर सत्तर चेंडू आले होते. बेकरीवाला अडतीस चेंडूंपर्यंत पोचला आणि त्यातले दोन त्याने सोडले. वायरमन एकसष्टपर्यंत पोचला आणि नऊ सोडले. म्हणजे पदरात पडले ते एकाचे छत्तीस आणि दुसऱ्याचे बावन्न. बेकरीवाल्याच्या आजूबाजूची लाल फुल्यांची रांग कुणालाही चूक म्हणून कधीच दिसली नसती, कारण तिथे कुणी गेलंच नव्हतं. मोजणीदारांनी पेन्सिल खाली ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश झाले.

मग त्यांनी पान उलटलं. मागच्या मैदानाचा नकाशा काढला आणि खुशी आटली.

मागे तिघं उभे राहायचे. उजवीकडे पोस्टमन, डावीकडे बेकरीवाल्याचा चुलतभाऊ आणि मधे जावई. पोस्टमनभोवती निळ्या ठिपक्यांचं मोठं वर्तुळ होतं. चुलतभावाभोवतीही तसंच. जावयाचं वर्तुळ दोघांपेक्षा लहान होतं आणि त्याच्या कडेने लाल फुल्या अशा लागल्या होत्या, जशी पाटाभोवती रांगोळी घालावी. चूक एकही नव्हती. जे चेंडू त्याच्यापर्यंत आले ते सगळे त्याने घेतले होते. फक्त त्याच्यापर्यंत येणारे कमी होते.

मोजणीदारांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. नकाशा पुन्हा काढला, तेच. मग वाटलं, जावई आळशी असेल. पण आळस त्याच्या अंगात नव्हता. मग वाटलं, पाय मंद असतील. त्यांनी लेकीला सांगून तिघांची शर्यत लावली, तर जावई चार पावलं पुढे. आता मात्र गंमत झाली. सगळ्यात जोरात धावणाऱ्या माणसाचं वर्तुळ सगळ्यात लहान, हे काही मोजणीत बसेना. हद्दीच्या वादात असं झालं की ते रात्रभर तळमळत. इथेही जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोने दोनदा भात वाढला आणि त्यांनी दोनदा खाल्ला.

त्यांनी स्टॉपवॉच आणलं. बॅटवर चेंडू लागला की दाबायचं आणि फिल्डरचं पहिलं पाऊल पडलं की पुन्हा दाबायचं. आपला अंगठा आता साठीचा आहे हे लक्षात घेऊन प्रत्येकाची चाळीस चाळीस मापं घेतली. पोस्टमन आणि चुलतभाऊ साधारण पाऊण सेकंदात हलत. जावई सव्वा सेकंदाला. अर्धा सेकंद म्हणजे धावणाऱ्या माणसाची तीन पावलं, आणि लाल फुल्या वर्तुळाच्या बाहेर बरोबर तीन पावलांवर होत्या.

म्हणजे काय होतं ते कळलं. का होतं ते कळेना.

मैदानाच्या मागच्या कुंपणाला लागून लाकडाची वखार होती. तिथली मोठी करवत दिवसभर किंचाळायची. कामगारांची चहाची सुट्टी पाच ते पाच वीस. तेवढा वेळ मैदानावर एकदम शांतता व्हायची, इतकी की झाडावरचे पक्षीही ऐकू यायचे. एका संध्याकाळी मोजणीदार वही चाळत बसले होते. मापांच्या शेजारी वेळ लिहायची त्यांना सवय होती. त्यांना दिसलं की पोस्टमनची काही मापं सव्वा सेकंदाची आहेत आणि काही अर्ध्याची. त्यांनी वेळा बघितल्या. अर्ध्याची सगळी पाच ते पाच वीसमधली. सव्वाची सगळी करवत चालू असतानाची. चुलतभावाचंही तसंच. पाऊण सेकंद ही नुसती दोन्हींची सरासरी होती, कारण लेक उंच चेंडूंचा सराव बहुतेक त्या शांत वीस मिनिटांतच घ्यायची.

जावयाच्या मापांत फरकच नव्हता. करवत चालू असो की बंद, सव्वा सेकंद.

मोजणीदार शिडी उतरून पोस्टमनकडे गेले. पोस्टमन बुटाची नाडी बांधत होता.

"चेंडू उडाला की कुठे धावायचं ते तुम्ही कसं ठरवता?"

"ऐकून," पोस्टमन म्हणाला, जसं काही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

"बघून नाही?"

"काका, चेंडू सरळ तुमच्या तोंडावर येत असला ना, की तो पुढे पडणार की डोक्यावरून जाणार ते पहिल्यांदा दिसतच नाही. पण आवाज सांगतो. टक् असा कोरडा आला की मागे पळायचं. थप् असा आला की पुढे. ती वखारीची करवत चालू असली की आम्ही सगळे आंधळे."

मोजणीदारांनी मान हलवली आणि ते सावकाश पुन्हा वर गेले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही लिहिलं नाही.

घरी बायको पालेभाजी निवडत बसली होती. ते समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तिने जुडीवरची नजर उचलली नाही.

"जावई ऐकत नाहीत हे तर तुमची लेक चार वर्षं सांगतेय," ती म्हणाली.

"अगं, ते वेगळं ऐकत नाहीत."

"वेगळं कसलं? तिला वाटतं मुद्दाम ऐकत नाहीत, म्हणून ती चिडते." तिने एक काडी तोडली. "ते आपल्याकडे जेवायला आले की नेहमी भिंतीकडची खुर्ची घेतात. का? सगळे उजव्या हाताला येतात म्हणून. विनोद झाला की आधी इतरांच्या तोंडाकडे बघतात, मग हसतात. मी मागून हाक मारली की वळत नाहीत. मला आधी वाटलं सासूला भाव देत नाहीत."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलायला मी काय मोजलं होतं? मला आपलं वाटलं होतं."

मोजणीदारांनी समोरची एक जुडी ओढून घेतली. स्टॉपवॉच आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन ते जिथे पोचले होते, तिथे ही बाई जेवण वाढता वाढता पोचली होती.

अहवाल द्यायला आठ दिवस उरले होते. लेकीला आधी सांगावं की जावयाला, यावर दोघांचं फार बोलणं झालं नाही. "ज्याचं आहे त्याला आधी," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीदार छापखान्यात गेले. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती, म्हणून ते दारातच थांबले. आतला आवाज अंगावर आला. जावई कागदाला घड्या घालणाऱ्या मशीनशी उभा होता. मशीन त्याच्या डाव्या हाताला, कानापासून जेमतेम दोन हातांवर, कारण कागद डावीकडून आत जाई. नऊ वर्षं तो तिथेच उभा होता. मोजणीदारांनी नकळत ते अंतर डोळ्यांनी मोजलं.

घंटा झाल्याचं जावयाला इतरांच्या हालचालीवरून कळलं. सासऱ्याला बघून तो घाबरला.

"बाबा? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. जरा मागे बसू या का?"

मागच्या अंगणात कागदाच्या रिकाम्या रिळांवर दोघं बसले. मोजणीदार विचार करून त्याच्या उजव्या हाताला बसले. त्यांनी वही उघडून नकाशा दाखवला. जावयाने तो बराच वेळ बघितला आणि त्याचा चेहरा ताठ झाला.

"माझी एक चूक दाखवा, बाबा."

"एकही नाही."

"मग हे लाल काय आहे?"

"तुम्ही जिथे पोचला नाहीत ते. आणि तुम्ही संघात सगळ्यात जोरात धावता. म्हणून तर मी इथवर आलो. मला कोडं सुटेना."

मग त्यांनी करवतीचं सांगितलं. पाच ते पाच वीस. पोस्टमनची मापं, चुलतभावाची मापं आणि जावयाची मापं. काहीही न चढवता, न उतरवता, जसं ते हद्द समजावून सांगत तसं. जावयाने डबा उघडला होता, तो पुन्हा बंद केला.

"फोन मी या कानाला लावायला लागलो," शेवटी तो म्हणाला आणि उजव्या कानाला हात लावला, "त्याला दोन वर्षं झाली असतील. मला वाटलं, फोनच बिघडलाय. बदललापण एकदा."

"आणि मैदानावर?"

"मैदानावर मला वाटायचं, बाकीचे नशीबवान आहेत. त्यांना आधीच कळतं कसं?" तो थोडा हसला. "मी अंदाज चुकू नये म्हणून चेंडू नीट दिसेपर्यंत थांबायचो. चूक नको व्हायला, एवढंच डोक्यात."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर खरं निघालं असतं." तो मशीनच्या खोलीकडे बघत होता. "हिला सांगितलंत?"

"नाही. ते तुम्ही सांगा. पण अहवाल पुढच्या सोमवारी आहे, आणि त्यात मी मधलं मैदान कोरं सोडू शकत नाही."

"कोरं नका सोडू," जावई म्हणाला. "तुम्ही सोडलंत तर ती ओळखेल."

त्याने त्याच दिवशी सांगितलं. मोजणीदारांना ते लेकीकडून कळलं, दोन दिवसांनी, मैदानावर. ती शिडी चढून छतावर आली आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डावा कान निम्म्याहून जास्त गेला होता, उजव्याला सुरुवात होती. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं सांभाळायचं होतं. डाव्या कानाला लावायचं यंत्र दोन आठवड्यांत मिळणार होतं.

"बाबा, मी स्वयंपाकघरातून बोलत असायची आणि तो बाहेर पेपर वाचत असायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम. किती वेळा मी दार आपटून बाहेर गेलेय. तेही त्याला ऐकू आलं नसेल." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. मोजणीदारांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली. ऊन नव्हतं, पण खालून संघ बघत होता.

सोमवारी अध्यक्षांच्या फरशीच्या दुकानात मागच्या खोलीत बैठक भरली. समितीचे पाच जण आणि खेळाडूही आले होते, त्यामुळे निम्मे फरशांच्या गठ्ठ्यांवर बसले. मोजणीदारांनी नऊ पानांचा अहवाल वाचला. वायरमनच्या पानाशी अध्यक्षांनी हात वर केला.

"म्हणजे ज्याच्या चुका जास्त, तो चांगला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. जो जास्त चेंडूंपर्यंत पोचतो तो चांगला. चुका त्याच्या मागोमाग येतात. कमी कशा करायच्या ते माझी लेक बघेल, मला त्यातलं कळत नाही."

बेकरीवाल्याने नकाशा हातात घेतला. सगळ्यांना वाटलं, आता बिनसणार. तो मात्र म्हणाला, "माझे पाय पहाटे तीनपासून उभे असतात हो. मला कशाला तिथे उभं करताय? मला चेंडू मारायला ठेवा, मी खूश आहे." वायरमनने सरकून त्याला गठ्ठ्यावर जागा करून दिली.

सातव्या पानावर मधलं मैदान होतं. अध्यक्ष म्हणाले, "हे पान काय वाचायचं, इथे तर शून्य आहे." मोजणीदार थांबले. खोलीत कुणाला काही कळलं नाही. तेवढ्यात जावई उठून उभा राहिला.

"ते मी सांगतो," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं आणि खाली बसला. शेवटी पोस्टमन म्हणाला, "तरीच. मी 'माझा, माझा' ओरडत यायचो आणि तू धडकायचास. मला वाटायचं, तुला माझा रागच आहे." लोक हसले. जावईही हसला, या वेळी सगळ्यांबरोबर.

लेकीने त्याला पहिल्या बेसवर आणलं. तिथे आपल्याच माणसाने फेकलेला चेंडू समोरून येतो, डोळ्यांनी दिसतो, आणि त्याच्यासारख्या उंच माणसाचा फायदा होतो. कागदावर हे सरळ होतं. प्रत्यक्षात जावई चार दिवस घरात फुगून बसला होता. आठ वर्षं उभा असलेला गवताचा तुकडा सोडून यायला त्याला जड गेलं. छापखान्यात मात्र त्याने स्वतःहून बोलून कानावर घालायची झाकणं मागून घेतली, आणि एक स्वतःसाठी मागितल्यावर सगळ्यांसाठीच आली.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात जावयाने पहिल्या बेसवर तीन चेंडू सोडले. स्कोअर लिहिणाऱ्याने तिसऱ्यांदा बिचकत त्याच्याकडे बघितलं, तर याने लिहा लिहा अशी खूण केली. सामना ते हरले. पुढचे दोनही हरले, आणि अध्यक्ष छताकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. मग हळूहळू जुळत गेलं. वायरमन अजूनही चेंडू सोडायचा, पण त्याने अडवलेले पुष्कळ झाले. जावयाचा हात बसला. मधे पोस्टमन आला होता आणि त्याच्या बाजूला टपाल खात्यातलाच एक नवा पोरगेलासा कारकून. शेवटी नंबर पाचवा आला. त्याला काही चषक नव्हता, पण संघाने फोटो काढला आणि मोजणीदारांना खुर्चीवर मधे बसवलं.

फोटो झाल्यावर सगळे पांगायला लागले. मोजणीदार मात्र चेंडू टाकणाऱ्या पिचरपाशी जाऊन उभे राहिले. हा पिचर एरवी टॅक्सी चालवायचा आणि कुणाशी फार बोलायचा नाही.

"तुमचा तो एक चेंडू," मोजणीदार म्हणाले, "शेवटच्या दीड मीटरमधे खाली वळतो. मी वरून बघितलंय. तो का वळतो?"

पिचरने खांदे उडवले. "मी असा धरतो, म्हणून वळतो."

"पण का?"

"ते मला काय माहीत, काका."

"मग एकदा टाकून दाखवा," मोजणीदार म्हणाले आणि जाळीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले. लेक लांबून हाक मारत होती, गाडी निघतेय म्हणून. त्यांनी हात वर करून तिला थांबायला सांगितलं आणि खिशातून फीत काढली.